समुद्राचं पाणी आणावं की मीठ कालवावं? खाऱ्या टाकीसाठी दोन वाटांची तुलना

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं ठरलं की मासे, दिवे, स्किमर यांवर महिनाभर खल होतो आणि पाण्याचा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. पुढची कित्येक वर्षं दर आठवड्याला हाताला आणि पाठीला जाणवणार असतो तो मात्र हाच निर्णय. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात राहणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी भरून आणणं, किंवा तयार सागरी मीठ आरओच्या पाण्यात विरघळवणं. पुणे-नाशिकच्या माणसाला पहिली वाट लांबची पडते, तरी घाट उतरून कॅन भरून आणणारे तिथेही आहेत.

हिशेबासाठी मी २०० लिटरची, फक्त माशांची टाकी धरली आहे. आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचं. प्रवाळांचा विचार इथे नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा पाणी आणायला गेलात तर कॅनमध्ये पाणीच यावं, प्रवाळाचा तुकडा नाही.

दोन्ही पाण्यांना गाठायचं आहे ते एकच. क्षारता ३५ (म्हणजे किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार) असलेल्या १ किलो समुद्रजलात साधारण १९.३५ ग्रॅम क्लोराइड, १०.७८ ग्रॅम सोडियम, २.७१ ग्रॅम सल्फेट, १.२८ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४१ ग्रॅम कॅल्शियम आणि ०.४० ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यानंतर बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम अशी छोटी मंडळी. रसायनतज्ज्ञ मार्सेट यांनी १८१९ मध्ये असं सुचवलं होतं की समुद्र कमी-जास्त खारट असला तरी या घटकांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत जमवलेले ७७ नमुने तपासून रसायनतज्ज्ञ डिटमार यांनी १८८४ मध्ये ते पक्कं केलं. आपल्याला याचा रोजचा उपयोग असा की क्षारता हा एकच आकडा मोजला की सोडियमपासून पोटॅशियमपर्यंत सगळ्यांचा अंदाज येतो. फक्त हा नियम भर समुद्राचा आहे. खाडीत, नदीच्या मुखाशी तो ढासळतो, आणि आपण पाणी भरतो ते बहुतेक वेळा तिथेच. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

या नियमाबाहेर राहणारी एक गोष्ट म्हणजे अल्कता, पाणी तपासायच्या किटवर जिला केएच म्हणतात. मराठीत क्षारता आणि अल्कता या दोन्हींना सर्रास ‘क्षारता’ म्हटलं जातं आणि त्यातून चुकीची पूड चुकीच्या कारणासाठी पाण्यात पडते. क्षारता म्हणजे एकूण विरघळलेले क्षार. अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटची, थोडी बोरेटची. समुद्राच्या पाण्याची अल्कता लिटरला २.३ ते २.४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे ६.५ ते ६.७ डीकेएच (किटवरचं अल्कतेचं एकक) भरते. तयार मिठांत ती मुद्दाम वाढवलेली असते: मीठ कोणतं त्यावर ८ ते १२ डीकेएच. दोन पाण्यांतला रासायनिक फरक बघायला गेलं तर सगळ्यात ठळक हाच आहे.

मिठागराच्या मिठाचा मोह

तिसरी वाट अनेकांना सुचते, म्हणून ती आधी बंद करतो. उरण, पेण किंवा भाईंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ समुद्रापासूनच बनतं, मग तेच परत पाण्यात घातलं तर समुद्र का होऊ नये? कारण मिठागर क्षार एकत्र ठेवत नाही, वेगळे करतं. पाणी आटून साधारण निम्मं झालं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम बसतं. दहावा हिस्सा उरतो तेव्हा कुठे मीठ धरतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटपर्यंत उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. म्हणजे हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड.

त्याचं पाणी करून क्षारतामापकावर ३५ आणता येते, पण मॅग्नेशियम नाही, कॅल्शियम नगण्य, अल्कता नाहीच. पीएच धरून ठेवणारं काहीच नसल्याने तो काही दिवसांत घसरतो. कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा वरून घालून हे पाणी ‘दुरुस्त’ करायला गेलात तर पांढरा गाळ बसतो, कारण मॅग्नेशियम जागेवर नसतं. उबदार समुद्राच्या पृष्ठजलात कॅल्शियम कार्बोनेट संपृक्ततेच्या पाच-सहा पट असूनही आपोआप खाली बसत नाही. स्फटिक वाढू न देण्याचं ते काम मोठ्या प्रमाणात मॅग्नेशियम करतं. पाकिटातल्या खाण्याच्या मिठात वर आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीचं द्रव्यही असतं. ही वाट सोडाच.

सुटी रसायनं आणून स्वतः मीठ बनवता येतं. प्रयोगशाळेत १९६७ पासून रुळलेली कृती आहे: तयार होणाऱ्या दर किलो पाण्यामागे सोडियम क्लोराइड २३.९ ग्रॅम, सोडियम सल्फेट (निर्जल) ४.० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.६८ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १०.८ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५ ग्रॅम, शिवाय चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड, बोरिक आम्ल आणि स्ट्रॉन्शियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून शेवटी ओतायचे. एखाद्या प्रयोगापुरतं हे छान आहे. दर आठवड्याला सात-आठ बरण्या तोलणं घरच्या टाकीला परवडत नाही, आणि औद्योगिक दर्जाच्या रसायनांत तांबं-लोखंड किती आहे हे कळत नाही.

समुद्राचं पाणी: त्याच्या बाजूने

आधी त्याची बाजू मनापासून मांडतो, कारण ती मजबूत आहे. ऑक्टोबर ते मे या काळात खडकाळ, उघड्या किनाऱ्यावरून भरलेलं पाणी ही रसायनशास्त्राने दिलेली तयार वस्तू आहे. सर्व घटक प्रमाणात, सूक्ष्म मूलद्रव्यं जागेवर. नवीन टाकी अशा पाण्यावर लवकर स्थिरावते असं माझं निरीक्षण आहे; ते आकड्यांत सिद्ध करून दाखवता येणार नाही. अरबी समुद्रात बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त असल्याने उन्हाळ्यात क्षारता ३५ च्या थोडी वरच मिळते. ती आरओच्या पाण्याने उतरवणं सोपं, चढवणं कटकटीचं.

पाणी केव्हा आणि कुठे भरायचं यावर अर्धं यश असतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याला ओढ जास्त असते आणि तळाचा गाळ उठतो. भांगाला, अष्टमीच्या सुमारास, पाणी निवळ असतं. भांगाच्या भरतीचा शेवटचा तास सगळ्यात चांगला: बाहेरचं पाणी आत आलेलं असतं आणि खाडीचं अजून मागे फिरलेलं नसतं. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून गढूळपणाही जास्त. मालवणच्या बाजूला हा त्रास बराच कमी. होड्यांच्या धक्क्यापाशी मात्र कधीही भरू नका. होड्यांच्या बुडाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून जे रंग देतात त्यांत तांबं असतं. माशांना न बाधणारं तांबंही टाकीतल्या कोळंबी-गोगलगायींना मारतं. वर डिझेलचा तवंग असतोच.

कॅन खाण्याच्या वस्तूंच्या दर्जाचे, २० लिटरचे घ्यावेत. रसायनांचे जुने निळे ड्रम कितीही धुतले तरी वापरू नयेत. पाण्याखाली हातभर खोल तोंड उघडून भरलं तर वरचा तवंग आत येत नाही.

घरी आणल्यावर पाणी २४ तास स्थिर ठेवा. गोड्या पाण्यातला चिकणमातीचा गाळ दिवसेंदिवस तरंगत राहतो. खाऱ्या पाण्यातले आयन त्याच कणांवरचे विद्युतभार झाकतात, कण एकमेकांना चिकटतात आणि रात्रीतून तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी नळीने काढून ५ मायक्रॉनच्या गाळणीतून घ्यायचं. मग दोन पर्याय. पहिला: झाकलेल्या ड्रममध्ये, अंधारात, हवेचा दगड सोडून दोन-तीन आठवडे ठेवणं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरतात, कुजतात, अमोनिया चढतो आणि नंतर जिवाणू तो संपवतात. अमोनिया शून्य दिसल्याशिवाय हे पाणी टाकीत जाऊ नये, कारण ८.१ पीएच आणि २८ अंशांना एकूण अमोनियाचा सहा-सात टक्के भाग विषारी, मुक्त रूपात असतो.

दुसरा पर्याय क्लोरीनचा, घाईचा. १०० लिटरला १० मिग्रॅ प्रतिलिटर क्लोरीन द्यायचं तर १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिलिलिटर, ५ टक्क्यांचं असेल तर २०. रात्रभर हवा चालू. सकाळी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, क्लोरीनच्या सातपट वजनाने: इथे जास्तीत जास्त ७ ग्रॅम. यात एक मेख आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ६७ मिग्रॅच्या आसपास ब्रोमाइड असतं. घातलेलं क्लोरीन त्याच्याशी लगेच विक्रिया करतं आणि पाण्यात प्रत्यक्षात उरतो तो हायपोब्रोमस आम्लाचा साठा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन दिवसभर हवा दिल्यावर उडतं, तेव्हा इथेही उडेल असं धरून हायपो न घालणाऱ्यांचे मासे यात जातात. क्लोरीन तपासायच्या ओटीओ थेंबांनी पिवळटपणाचा मागमूस दिसेनासा होईपर्यंत थांबा.

बंद कॅनमधून आणलेल्या पाण्याचा पीएच ७.८ दिसला तर घाबरून सोडा घालू नका. प्लवकांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो, अल्कता मात्र तसूभर हलत नाही. दोन तास हवा द्या, पीएच वर येईल.

मीठ: त्याच्या बाजूने आणि विरुद्ध

तयार मीठ लिटरला ३५ ग्रॅम घालून ३५ क्षारता येत नाही, कारण त्यातल्या काही क्षारांत स्फटिकजल असतं. साधारण ३७ ते ३९ ग्रॅम लागतात. २० लिटरला पाऊण किलो, वर्षाला ४० किलोच्या आसपास. खर्चाचा अंदाज तुमच्या गावच्या भावाने तुम्हीच काढा; त्यात आरओच्या पाण्याचा आणि वाया जाणाऱ्या पाण्याचाही विचार करा. एक लिटर चांगल्या पाण्यामागे घरगुती यंत्रातून साधारण तीन लिटर सोडून द्यावं लागतं.

आरओ यंत्र पिण्याचं असेल तर त्यातला टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढवणारा स्क्रू पूर्ण बंद करा आणि खनिजं मिसळणारं कार्ट्रिज बाजूला काढा. नाहीतर मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणीच परत मिसळलं जातं. टीडीएस १० च्या खाली हवा. बोअरचं पाणी थेट वापरू नये: त्यातलं नायट्रेट आणि सिलिका टाकीत तपकिरी थर धरतात, आणि त्याचा कठीणपणा मिठाच्या कॅल्शियममध्ये भर घालतो.

कालवण्याचा क्रम एकच: पाणी आधी, हवा किंवा पंप चालू, मग मीठ मूठमूठ करून. बादलीत मीठ ठेवून वर पाणी ओतलं की सुरुवातीच्या घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भिडतात आणि दुधी ढग उठतो. तो ढग कॅल्शियम कार्बोनेटचा. तो कितीही ढवळला तरी परत विरघळत नाही. गरम पाण्यात हे आणखी पटकन होतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट तापमान वाढलं की कमी विरघळतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या तापलेल्या पाण्यात लगेच मीठ घालू नका.

असा ढग येऊन गेला का हे ओळखायचं ते अल्कतेवरून. दर २.८ डीकेएच अल्कता गेली की कॅल्शियम फक्त २० मिग्रॅ प्रतिलिटर कमी होतं. ४१० चं ३९० झालेलं थेंबांच्या किटला कळतही नाही, पण ९ चं ६ झालेलं स्पष्ट दिसतं. ‘कॅल्शियम तर बरोबर आहे’ म्हणून मिठाला दोष देणारे इथे फसतात.

मिठाच्या दोन कटकटी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. प्रवासात हादरे बसून बारीक आणि जड दाणे तळाशी जातात, म्हणून अर्धी पिशवी वरून काढली तर तिचं रसायन पिशवीवर छापल्यासारखं नसतं. उघडण्यापूर्वी पिशवी दोन-तीनदा लोळवा. दुसरी कटकट कोकणची खास. मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात. जुलैत उघडी राहिलेली पिशवी दोन दिवसांत चिकट होते. तोलताना त्यात पाण्याचंही वजन येतं आणि क्षारता कमी भरते. त्याहून वाईट म्हणजे ओल्या ढेकळात कॅल्शियम आणि सोडा आतल्या आत भेटून चुनखडी बनते, तीच नंतर बादलीच्या तळाशी पांढरी उरते. लहान पिशव्या घेऊन एका वेळी एक अख्खी संपवणं हा यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय. जमत नसेल तर रबरी कडीचं झाकण असलेला डबा.

एक गोष्ट मिठाच्या बाजूने जाते आणि ती फारशी बोलली जात नाही. माशांच्या टाकीत खाद्यातला नायट्रोजन नायट्रेटपर्यंत जाताना आम्ल तयार होतं. नायट्रेट ५० मिग्रॅ प्रतिलिटर साठलं की साधारण २.३ डीकेएच अल्कता खर्ची पडलेली असते. समुद्राच्या पाण्याने सुरुवात ६.६ वर होते, म्हणजे उरतात चार-सव्वाचार. ८-९ च्या मिठाने सुरुवात केली तर तेवढीच घट झाल्यावरही टाकी समुद्राच्या आसपास राहते. समुद्राचं पाणी वापरणाऱ्याने ही तूट खाण्याच्या सोड्याने भरावी: १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम. ११-१२ चं मीठ नुसत्या माशांना लागत नाही. ते घेऊन पैसे आणि गाळ दोन्ही वाढतात.

मोजायचं कशाने

दोन्ही वाटांना रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण, लागतोच. बाजारातले बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर समुद्रासाठी नाही, साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. ३५ चं समुद्रजल त्यावर साधारण ३६.५ दाखवतं, आणि आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून ही चूक जात नाही, कारण ती पट्टीच्या वरच्या टोकाला आहे. घरच्या घरी तपासणी करायची तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, आयोडीनविरहित मीठ ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवा. हे द्रावण प्रकाश तेवढाच वाकवतं जेवढा ३५ चं समुद्रजल. त्याचा थेंब टाकून स्क्रूने ३५ वर आणा, झालं. वाहकतामापक असेल तर २५ अंशांना ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर म्हणजे ३५.

पारडं कुठे झुकतं

इथवर दोन्ही बाजू बऱ्यापैकी तुल्यबळ दिसतात. सूक्ष्म मूलद्रव्यांत समुद्र पुढे, अल्कतेच्या साठ्यात मीठ. पाठीला समुद्र जड, खिशाला मीठ जड. माझा कल ज्या एका गोष्टीने ठरला ती म्हणजे पावसाळा. दुसरं कोणतंही कारण नसतं तरी तेवढ्यावर मी मिठाकडे गेलो असतो.

जूनमध्ये पहिला जोर लागला की कोकणातल्या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी येऊन पडतं. ते हलकं असतं. २८ अंशांना २० क्षारतेचं पाणी ३५ च्या पाण्यापेक्षा घनमीटरला ११ किलोंनी हलकं, म्हणून ते लगेच मिसळत नाही, वर पसरतं. कॅन बुडवतो तो नेमका त्या थरात. सकाळी २८, संध्याकाळी १९, दुसऱ्या दिवशी भरतीला ३१: एकाच जागी असे आकडे मिळू शकतात. मांडवी-झुआरीसारख्या मुखांवर तर ऋतूमागे पाण्याचं स्वरूपच पालटतं.

‘मग मीठ घालून क्षारता चढवू’ हा सहज सुचणारा तोडगा. पण २० चं पाणी ३५ ला न्यायचं म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त क्षार पिशवीतून आले. मीठ विकत घेतलंच, वर कॅन उचलले ते फुकट. शिवाय डिटमार यांचा नियम इथे साथ सोडतो. नदीच्या पाण्यात सोडियम-क्लोराइड नव्हे तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट प्रमुख असतात, त्यामुळे खाडीच्या पातळ पाण्यात क्लोराइड जेवढं उतरतं तेवढी अल्कता उतरत नाही. क्षारतेवरून बाकीचं ताडता येत नाही, प्रत्येक खेपेला सगळं मोजावं लागतं. शेतांतलं नायट्रेट, शहरांचं सांडपाणी आणि लाल गाळ हे सगळं त्याच पाण्यातून येतं.

होडीने दूर जाऊन आणावं, तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही जाऊ देत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात, पण खाडीतोंडाचं पाणी पूर्ववत व्हायला दसरा-दिवाळी उजाडते. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडल्याच्या शास्त्रीय नोंदी आहेत. किनाऱ्यावर लाट फुटताना हवा मिसळते, म्हणून कॅनमधल्या पाण्याला याचा थेट धोका कमी. तरी ‘पाऊस थांबला, आता पाणी स्वच्छ’ हे समीकरण खरं नाही एवढं ध्यानात असावं.

साठवून ठेवता येतं का? येतं. मेअखेरीस भरून चार महिने काढायचे तर १८ आठवड्यांचे ३६० लिटर, आणि संकटासाठी १०० लिटर वेगळे. म्हणजे २०० लिटरचे दोन ड्रम भरून तिसऱ्यातही पाणी. एकेका भरलेल्या ड्रमचं वजन दोनशे किलोंच्या वर. बंगल्याच्या पडवीत हे मांडता येईल. फ्लॅटच्या बाल्कनीत ते ठेवू नये असंच मी म्हणेन.

तो संकटाचा १०० लिटर हाच खरा मुद्दा. वीज जाते ती पावसाळ्यात. पंप थांबतो, फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, एखादा मासा खडकामागे मरतो, आणि रात्री अमोनियाच्या नळीत हिरवा रंग दिसतो. त्या क्षणी टाकीचं अर्धं पाणी बदलायचं असतं. मिठाची ४ किलोची न उघडलेली पिशवी आणि झाकलेल्या ड्रममध्ये १०० लिटर आरओचं पाणी घरात असेल तर ३.८ किलो मीठ, जोराची हवा, दोन तास, आणि पाणी तयार. एरवी ते २४ तास फिरवावं हे बरोबर, पण अमोनियापुढे ताजं कालवलेलं पाणी कधीही परवडतं. समुद्रावर अवलंबून असणाऱ्याकडे त्या रात्री काहीही नसतं. बारा तासांवरची भरतीही गढूळ आणि पातळ. आपण सांभाळायला आणलेल्या जिवांना तेव्हा वाट बघायला लावणं मला पटत नाही.

आरओचं पाणी मात्र आधी भरलेलं हवं. घरगुती मेम्ब्रेन तासाला दहा-बारा लिटरच देतं, त्यामुळे १०० लिटरला आठ-दहा तास लागतात, आणि वीज नसताना तेवढंही नाही. हवेसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप त्याच ड्रमजवळ ठेवा.

समुद्राचं पाणी कोणी घ्यावं

कोळंबीचं बीज तयार करणाऱ्याने, हजारो लिटरची उलाढाल असणाऱ्याने, किनाऱ्यालगत पक्की पाइपलाइन आणि वाळूची गाळणी असणाऱ्याने. तिथे मिठाचा खर्च विचारातच घेता येत नाही, आणि साठवणटाक्या मुळातच मोठ्या असतात. किनाऱ्याजवळ खारी बोअर असेल तर तिचं पाणी वर्षभर स्थिर मिळू शकतं. पण जमिनीखाली प्राणवायू नसल्याने त्यात विरघळलेलं लोह आणि मँगनीज, भरपूर कार्बन डायऑक्साइड, कधी सल्फाइडही असतं. जोराची हवा देऊन एक दिवस ठेवा, तांबूस गाळ बसू द्या, मग अल्कता आणि अमोनिया दोन्ही मोजा. घरच्या टाकीसाठीही, उघड्या किनाऱ्यापासून पंधरा मिनिटांवर राहणाऱ्याला आणि पडवीत जागा असणाऱ्याला मी समुद्रापासून परावृत्त करणार नाही.

सध्या समुद्राच्या पाण्यावर असाल आणि मिठाकडे यायचं असेल तर पावसाची वाट बघू नका, मे महिन्यात सुरुवात करा. अल्कता ८ च्या आसपासचं मीठ निवडा. दर आठवड्याचे २० लिटर मिठाचे करा. ६.६ च्या टाकीत ८.५ चं दहा टक्के पाणी पडलं की अल्कता एका वेळी ०.२ डीकेएचने सुद्धा वाढत नाही, माशांना काही जाणवत नाही. नवं पाणी टाकीच्या क्षारतेला आणि तापमानाला जुळवूनच घाला. टाकी ३६ वर असेल तर मीठही ३६ ला कालवा आणि पुढच्या आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्याने ३५ वर या. आठव्या आठवड्यापर्यंत निम्म्याहून अधिक पाणी बदललेलं असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर तो आठवा आठवडा जूनच्या अखेरीस येतो, खाड्या लाल होऊन वाहत असतात तेव्हा.